मालक घरात नाहीत

अनंता म्हात्रेच्या घराचं फाटक पाहिलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला क्षणभर वाटायचं, अंगणात ट्रेलर उभा आहे. दोष पेंटरचा म्हणावा तर त्या बिचाऱ्यानंही उरणला जन्मभर ट्रेलरच रंगवलेले. पिवळ्या पट्ट्यावर लाल अक्षरं, अक्षरांना निळी सावली, दोन्ही बाजूंना एकेक कमळ आणि मधोमध ठसठशीत: 'मालक – अनंता रामचंद्र म्हात्रे'. खाली थोडी जागा उरली तेव्हा पेंटरनं 'हॉर्न द्या' लिहू का म्हणून विचारलं होतं. बायको येसूबाई वेळेवर बाहेर आली म्हणून तेवढं टळलं.

पण अनंताला ते फाटक आवडायचं. न्हावा शेव्याला त्यानं उभी हयात कंटेनरचा ट्रेलर चालवला आणि त्या ट्रेलरच्या दारावर 'मालक' या शब्दापुढे कायम दुसऱ्याचं नाव होतं. रोज सकाळी गाडी पुसताना तो ते नावही फडक्यानं पुसायचा, आणि नाव आणखीच चकाकायचं. मग एक दिवस जमिनीचे पैसे आले, पोरगा प्रज्योत बंदरातल्याच एका ऑफिसात चिकटला, आणि अनंतानं ट्रेलरची चावी मालकाच्या टेबलावर ठेवून थेट येसूबाईचं माहेर गाठलं. मुरूडच्या पुढे, राजपुरीच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जागा घेतली, घर बांधलं. खाली आपण, वर पर्यटकांसाठी खोल्या. आयुष्यात एकदा तरी कुणी आपल्याला मालक म्हणून हाक मारावी, एवढीच त्याची इच्छा होती. तेवढ्यासाठी एवढं घर बांधणारा माणूस वेडा म्हणावा की साधा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

वरच्या खोलीच्या खिडकीतून जंजिरा दिसायचा, तोही अख्खा, समुद्रात बसलेला. रस्त्यावरून माडांमुळे तो दिसत नसे, म्हणून खिडकीची किंमत जास्त. अनंता पाहुण्याला खिडकीशी उभं करून सांगणार होता, "सिद्दीचा किल्ला! कोनाच्या बापाला जिकता आला न्हाय!" न जिंकणाऱ्यांत आपलेच बापजादे होते हे त्याला ठाऊक होतं, पण खिडकी आपल्या मालकीची असली की किल्लाही आपल्याच बाजूचा वाटतो.

फक्त सांगायला पाहुणाच येईना.

सून अमिषानं घर ॲपवर टाकलं होतं. पोरगी हुशार. खोल्यांचे फोटो झाले, येसूबाईच्या सुरमईच्या ताटाचा झाला, खिडकीचा तर तीन बाजूंनी झाला. मालकाचा फोटो हवा म्हटल्यावर अनंता पांढरा शर्ट घालून मुरूडच्या स्टुडिओत गेला. फोटोवाल्यानं सवयीनं त्याला चार छटा उजळ केला. अनंतानं फोटो परत केला. "ह्यो माझा भाऊ हाय काय? मी हाय तसा पायजे." बाप मिठागरात राबलेला, आपण काचेतून येणाऱ्या उन्हात भाजलेला, काळा रंग घरातला होता, त्याची लाज कधी वाटली नव्हती.

मे महिना आला. शेजारच्या घरांसमोर पुण्या-मुंबईच्या गाड्या तिरक्या लागू लागल्या आणि अनंताच्या अंगणात कोंबड्या ऐसपैस फिरत राहिल्या. लोक ॲपवर विचारायचे, खोली पाहायचे, खिडकी पाहायचे, मग मालकाचा फोटो पाहायचे आणि गप्प व्हायचे. एका बाईनं तर विचारलं, 'आम्ही दोघी मैत्रिणी आहोत, जागा सेफ आहे ना?' अनंतानं उत्तर लिहायला सांगितलं, 'मी स्वतः रात्रंदिवस इथे असतो.' त्यानंतर ती बाई दिसलीच नाही.

"बाबा," अमिषा एकदा चाचरत म्हणाली, "फोटोचा जरा प्रॉब्लेम वाटतो."

"लायटिंग बरोबर न्हवता त्याचा."

अमिषानं लायटिंगवर वाद घातला नाही. तिनं फक्त मालकाच्या जागी आपल्या भावाचा, परेशचा, फोटो लावून पाहिला. परेश पनवेलला विमा विकायचा. गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, हसला की गालाला खळी. घर तेच, खिडकी तीच, सुरमई तीच. संध्याकाळपर्यंत फोन असा वाजू लागला की येसूबाईला वाटलं, कुणाकडे काही बरंवाईट झालं.

अनंताला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. त्या दिवशी तो जेवला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी शनिवारचं बुकिंग पक्कं झालं आणि खोल्या रिकाम्या ठेवून मानाचं लोणचं घालायचं होतं काय? "ऱ्हाऊ दे त्याचा फोटो," तो म्हणाला. "घर भरल्याशी मतलब."

आता फोटोत परेश म्हटल्यावर पाहुणे परेशलाच शोधणार. म्हणून दर शनिवार-रविवार परेश पनवेलहून येऊ लागला. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं. घोडं तसं गुणी होतं. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचं, पाहुण्यांशी इंग्रजीत दोन शब्द बोलायचं आणि सुरमईचे तीन तुकडे खायचं. बॅगा उचलायला अनंता. पाणी तापवायला अनंता. गाडी मागे घेताना 'आने दे, आने दे, बस' म्हणायला अनंता. पाहुणे त्याला काका म्हणायचे, क्वचित कुणी 'बॉस' म्हणायचं आणि तेवढ्यावर तो तासभर खूश असायचा. ठाण्याचे एक गृहस्थ निघताना परेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा हा माणूस फार चांगला आहे हं, सोडू नका त्याला."

"छे, घरचाच आहे तो," परेश म्हणाला. खोटं बोलला असं कुणाला म्हणता येणार नाही.

फाटकावरचं नाव तेवढं अडचणीचं ठरलं. पाहुणे विचारायचे, हे म्हात्रे कोण? शेवटी अमिषानं एक फ्लेक्स करून आणला. त्यावर परेशचा हसरा चेहरा, मागे किल्ला, वर 'सुस्वागतम्'. तो बरोबर त्या पिवळ्या पट्ट्यावर बसला. कोपरे बांधायला सुतळी अनंतानंच आणून दिली.

आता कुणाला वाटेल, ज्याला लोकांनी फोटो पाहून टाळलं, तो माणूस दुसऱ्याच्या फोटोबाबत जरा जपून वागेल. तसं झालं असतं तर गोष्ट इथंच संपली असती.

पाहुणा घ्यायचा की नाही, हा शेवटचा शब्द अनंतानं स्वतःकडे ठेवला होता. मालकीची तेवढीच खूण उरली होती. चहाच्या वेळी अमिषा फोन घेऊन यायची आणि तो चष्मा लावून चेहरे तपासायचा. नवी मुंबईत शिकणारे आफ्रिकेतले विद्यार्थी आले, "टाकीत पानी न्हाय म्हून सांग." मणिपूरच्या दोन नर्स आल्या, "ही चायनावाली कुठशी आली? खोलीला रंग चाललाय म्हून सांग." एका मुसलमान जोडप्याला त्यानं पंपाची मोटार जळल्याचं कळवलं. शेजारच्या खतीबांकडे ईदला शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागणारा हाच अनंता. पण खतीब वेगळे, ते गावचे. ॲपवरचा माणूस कुठल्या गावचा, कुणाचा कोण, काहीच कळत नाही. मग माणूस चेहऱ्यावर जातो.

"तुमचा चेहरा बघून लोका पलत व्हती," येसूबाई कांदा चिरता चिरता म्हणाली, "तां इसरलाव वाटते?"

"ती गोस्ट येगली."

"कशी येगली?"

"येगली म्हन्जे येगली," अनंता म्हणाला आणि चहा ओतून घेतला.

एकच जागा अशी होती जिथे तो डोळे मिटून होकार द्यायचा. काही लोक स्वतःच्या फोटोऐवजी गणपतीचा फोटो लावतात. तसा फोटो दिसला की अनंता नावसुद्धा वाचायचा नाही. "ज्याच्या फोटोत गणपती, त्यो आपला. घे त्याला." गणपतीला नाही म्हणायचं धाडस कोकणात अजून कुणी केलेलं नाही.

तसाच एक गणपती जूनच्या तोंडावर आला. लालबुंद शेला, मोदक, सगळं यथासांग. नाव गणपती लक्ष्मण, गाव कर्नाटकातलं यल्लापूर, तिथल्या पतपेढीत नोकरी. सोबत म्हातारी आई. खिडकीचीच खोली पाहिजे, मंगळवारी येतो. लिहिलं होतं मराठीत, शुद्धलेखन अमिषापेक्षा बरं. "नावान गनपती, फोटोन गनपती!" अनंता हरखला. "येसू, मंगलवारी सुरमई नको. वालाचं बिरडं कर, मोदक कर."

मंगळवारी परेश येणार नव्हता. वरच्या दुसऱ्या खोलीत पुण्याचं एक कुटुंब मुक्कामाला होतं, तेवढंच. येसूबाईनं सकाळपासून उकड काढली. अनंतानं खिडकीची काच पुसली, पडदा सरकवून किल्ला जागेवर आहे ना पाहून घेतलं, मग अंगणात येऊन माडांना पाणी घालू लागला. फाटकाच्या खांबावरचा दिवा रात्रीपासून तसाच जळत होता. पुटपुटत तो गेला, बटण बंद केलं, आणि पुन्हा पाइप उचलून फाटकाकडे पाठ करून उभा राहिला.

मागे गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं.

"मालक, नमस्कार," मागून कुणीतरी म्हणालं. "मालक तुम्हीच न्हवं?"

अनंताच्या हातातल्या पाइपचं पाणी त्याच्याच पायावर पडू लागलं. वळावं की तसंच उभं राहून तो शब्द पुन्हा ऐकावा, हे त्याला कळेना. फाटकावरच्या फ्लेक्सवर परेश खळी पाडून हसत असताना या माणसानं पाठीवरून ओळखलं होतं! त्याला एकदम त्या माणसाचे पाय धुवावेसे वाटले. चेहऱ्यावर मालकाला शोभेलसं हसू आणून तो वळला.

फाटकाशी एक हबशी उभा होता.

म्हणजे अनंताच्या मनात शब्द तोच आला. उंच, काळाभोर, डोक्यावर कुरळ्या केसांची घट्ट टोपी, जाड ओठ. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. हसत होता.

"मी गणपती. यल्लापूरचा. बुकिंग आहे आमचं." फाटकाच्या दांडीवर हात ठेवून तो म्हणाला, "फोटोत दुसरे कोण होते. पण मी गाडीतून बघितलं, तुम्ही येऊन दिवा बंद केला. मी आईला म्हटलं, हेच मालक. पगारी माणूस दिवसा जळणारा दिवा बंद करत नाही. माझे वडील सावकाराकडे गाडीवर होते, ते सांगायचे."

फाटक उघडायला पुढे झालेल्या अनंताचाही हात त्याच दांडीवर होता. दोन हात शेजारी शेजारी; रंगात डावं-उजवं करायला जागा नव्हती. पण स्वतःच्या हाताकडे बघायची सवय कुणाला असते?

"आईला किल्ला दाखवायचा आहे," गणपती सांगत होता. "आम्ही सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. आडनावच सिद्दी, पण लोक दचकतात म्हणून ॲपवर नुसतं बापाचं नाव लिहितो, फोटोही देवाचा ठेवतो. आमचे पूर्वज ह्या किल्ल्यावरचे की दुसरीकडचे, देवाला माहीत. पण आई लहानपणापासून ऐकत आली, समुद्रात आपल्या लोकांचा किल्ला आहे, कुणालाच घेता आला नाही. होडीत चढणं तिच्या गुडघ्यांना जमायचं नाही. म्हणून तुमची खिडकी शोधून काढली."

गाडीच्या मागच्या सीटवर पांढऱ्या केसांची म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, नाकात चमकी. ती माडांच्या फटींतून काही दिसतं का, ते वाकून पाहत होती.

वर गॅलरीत पुण्याचे पाहुणे चहाचे कप घेऊन उभे राहिले होते आणि खाली बघत होते. बघत होते एवढंच. पण अनंताला त्या बघण्यात पुढचा सगळा हंगाम दिसला. ते काय लिहितील, ते वाचून कोण येणार नाही, परेश काय म्हणेल, पुन्हा अंगणात कोंबड्या कशा फिरतील. माणूस सज्जन होता, मराठी बोलत होता, गंध लावून आला होता, सगळं खरं. त्याला मालक म्हणाला होता, तेही खरं. टाकी, मोटार, रंग, ही नेहमीची कारणं अनंताच्या ओठांवर रांगेत आली. पण पाइपमधून पाणी धो-धो वाहत होतं आणि घराला नुकताच रंग दिलेला दिसत होता.

"मी मालक न्हाय," अनंता म्हणाला.

गणपतीचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मालक ते," अनंतानं फ्लेक्सकडे बोट केलं. "पनवेलला गेल्यात. बुकिंग चुकून झालाय, खोली दुसऱ्याला दिलीय. मला काय कल्पना न्हाय. मी कामाला हाय."

येसूबाई नेमकी त्याच वेळी बाहेर आली. आल्या पाहुण्याच्या हातात आधी गूळपाणी द्यायचं ही तिच्या सासरची रीत, म्हणून तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन ती फाटकापर्यंत आली होती. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग गाडीच्या खिडकीशी गेली आणि म्हातारीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

म्हातारी पाणी प्यायली. "तू पण इथंच कामाला काय गं, माय?" तिनं विचारलं.

येसूबाईनं तांब्या परत घेतला. "व्हय," ती म्हणाली. "मी बी कामालाच."

गणपतीनं फ्लेक्सवरच्या परेशकडे पाहिलं. अशा दारांवरून परत जायची त्याला सवय असावी. त्यानं आवाज चढवला नाही. उलट फाटकावरून पुढे वाकून, वर उभ्या असलेल्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू तो म्हणाला, "कळलं मला. तुम्हाला सांगून ठेवलं असणार. ॲपवर तक्रार करता येते, पण मी करणार नाही. तुमचा मालक तुमच्यावर राग काढेल. आपल्यासारख्यांना या वयात दुसरी नोकरी कोण देतो?"

त्यानं अनंताचा हात धरून हलकेच दाबला, आणि तो गाडीत जाऊन बसला. गाडी वळायला जागा अपुरी होती. सवयीनं अनंताच्या तोंडून निघालं, "आने दे, आने दे... बस." म्हातारीनं काचेतून त्याला हात जोडले.

मोदक त्या दिवशी पुण्याच्या पाहुण्यांनी खाल्ले. फार छान झाले होते, असं त्यांनी ॲपवर लिहिलं, पाच तारे दिले. गॅलरीतून दिसलेल्या माणसाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, की ते कोण होते आणि गेले का? त्यांच्या मुलाला त्या काकांशी बोलायचं होतं, शाळेत जंजिऱ्यावर काहीतरी लिहायचं होतं म्हणे.

येसूबाई नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि परक्या घरात काम करणारी बाई जशी बाजूला जाऊन उभी राहते तशी जाऊन उभी राहिली.

शनिवारी परेश आला, वेताच्या खुर्चीत बसला. दुपारी बोरिवलीची मंडळी गाडीतून उतरली. ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं आणि खांबावरचा दिवा भकभक जळत होता. दोन हातांत दोन बॅगा घेऊन अनंता त्याच्याखालून गेला. त्याची नजर दिव्यावर गेली, हात जरासा थबकला, आणि तो पुढे चालू लागला.

"अवं, दिवा जलतंय," ओटीवरून येसूबाई म्हणाली.

"मालकाला सांग," अनंता म्हणाला.

येसूबाईनं पदराला हात पुसले. परेशच्या खुर्चीवरून, पाहुण्यांच्या गाडीवरून वळसा घेत ती फाटकापर्यंत गेली आणि तिनं दिवा बंद केला.